माया आणि हक्क : ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’ आणि मानसिक आरोग्यातील समता

७ एप्रिल २०१७ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले. त्याच दिवशी मानसिक आरोग्यसेवा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. चित्रपट नैराश्याने ग्रासलेल्या, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाचा. कायदा अशाच माणसांचा. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही एकाच तारखेला नोंदल्या गेलेल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर मानसिक आजाराकडे पाहण्याच्या आपल्या दोन तऱ्हा समोर येतात. चित्रपट म्हणतो, या माणसाला माया द्या. कायदा म्हणतो, या माणसाला सेवा मिळण्याचा हक्क आहे.

या दोन वाक्यांत बरेच अंतर आहे. माया देणारा भेटावा लागतो. हक्काला असा योगायोग लागत नाही, निदान लागू नये. मानसिक आरोग्यातली समता म्हणजे नेमके काय, याचा विचार या अंतरापासूनच सुरू करावा लागतो. ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३) आणि ‘कासव’ (२०१६) हे मनाच्या आणि मेंदूच्या आजारांवरचे भावे-सुकथनकर यांचे तीन महत्त्वाचे चित्रपट. मराठी मध्यमवर्गाने मानसिक आजाराविषयी जे काही समजून घेतले, त्यात या तिघांचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्यांना एक प्रश्न विचारायला हवा : या चित्रपटांतली काळजी कोणाच्या वाट्याला येते, आणि कोणाच्या वाट्याला येऊ शकत नाही?

आधी ऋण मान्य करू

या चित्रपटांनी काय साधले हे सांगितल्याशिवाय त्यांच्या मर्यादांविषयी बोलणे अन्यायाचे होईल. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा रिकामी आहे का बघा’ हे विनोद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. नाटक-सिनेमांत वेडा माणूस यायचा तो एकतर हसवायला, नाहीतर घाबरवायला. वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’सारखे गंभीर अपवाद होते, पण ते अपवादच.

अशा वातावरणात ‘देवराई’ आला. स्किझोफ्रेनिया हा शब्द तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठीत होता, तो या चित्रपटाने घरातल्या बोलण्यात आणला. त्याच्या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी आणि त्यांनी पुण्यात उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन होती. म्हणजे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी झटणाऱ्या एका संस्थेला सिनेमा हे आपले माध्यम वाटले, ही गोष्टच नवी होती. अतुल कुलकर्णींचा शेष हा कोणाच्या कीवेचा विषय होत नाही. तो हुशार आहे, चिडका आहे, हट्टी आहे, आणि गावच्या देवराईशी त्याचे नाते इतके खोल आहे की त्याचा आजार कुठे सुरू होतो आणि त्याची तळमळ कुठे संपते, हे प्रेक्षकाला पटकन ठरवता येत नाही. आजारी माणसाच्या म्हणण्यात अर्थ असू शकतो, हे दाखवणे म्हणजे त्याला माणूस म्हणून समान मानण्याची पहिली पायरी. ती ‘देवराई’ने ओलांडली.

या तीन चित्रपटांतून जाणारा एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पुण्यातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. ‘देवराई’त ते डॉक्टर आहेत. ‘अस्तु’त ते स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री आहेत. ‘कासव’मध्ये ते दत्ताभाऊ आहेत, म्हणजे ना डॉक्टर ना रुग्ण, तर समुद्रकिनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारा एक शहाणा माणूस. डॉक्टर, मग रुग्ण, मग शेजारी. एकाच नटाच्या या प्रवासात दिग्दर्शकद्वयीच्या विचाराचा प्रवासही वाचता येतो. आजाराचे निदान आणि औषध यांपासून ते हळूहळू माणसाच्या सोबतीकडे सरकत गेले. ही दिशा योग्यच होती. प्रश्न आहे तो सोबत कुठून येते याचा.

समतेचे तीन अर्थ

मानसिक आरोग्यातील समता हा शब्द आपण ढोबळपणे वापरतो. त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, शरीराचा आजार आणि मनाचा आजार यांच्यातली समता. २०१७च्या कायद्याचे २१वे कलम याविषयी स्पष्ट बोलते. शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या दर्जाची रुग्णवाहिका, जशी राहण्याची व्यवस्था, जशा तातडीच्या सेवा मिळतात, तशाच मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाल्या पाहिजेत. विमा कंपन्यांनी मानसिक आजारावरील उपचारांना इतर आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, हेही त्याच कलमात आहे.

दुसरी, माणसामाणसांतली समता. १८वे कलम सांगते की सरकार चालवत असलेली किंवा सरकारी पैशावर चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ती परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि जवळ असली पाहिजे. लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व यांवरून भेदभाव होता कामा नये. एवढेच नव्हे, तर कायद्याने सांगितलेल्या किमान सेवा सरकारने जिल्ह्यात पुरवल्या नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने भरून द्यायचा आहे.

तिसरी, उपचार देणारा आणि घेणारा यांच्यातली समता. आपण पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार ५व्या कलमाने दिला. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास ९५व्या कलमाने मनाई केली. ही मनाई कागदी काळजीतून आलेली नव्हती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळताही आले नव्हते.

आपले तीन चित्रपट पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीला चांगले उतरतात. मनाचा आजार हा आजारच आहे, त्यात लाज नाही, हे ते ठामपणे सांगतात. आजारी माणसाचे म्हणणे ते ऐकतात. दुसऱ्या कसोटीपाशी मात्र अडचण सुरू होते.

शेषला बहीण होती

‘देवराई’तल्या शेषचे नशीब पाहा. त्याच्यामागे कोकणातले घर आहे. शहरात राहणारी सीना ही बहीण आहे आणि तिच्या घरात भावासाठी जागा आहे. डॉक्टरांपर्यंत पोचण्याची तिला माहिती आहे, पुन्हा पुन्हा जाण्याइतका वेळ आणि पैसा आहे. सोनाली कुलकर्णींनी ही बहीण थकव्यासकट उभी केली आहे. भावाची काळजी घेताना तिच्या संसारावर येणारा ताण चित्रपट लपवत नाही. पण उपचाराची सगळी वाट या एका घरातून जाते. हे घर वजा केले, तर शेषचे काय होईल हा प्रश्न कथेच्या बाहेर राहतो.

प्रत्यक्षात हाच प्रश्न बहुसंख्यांचा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना उपचारांची गरज असलेला कोणता ना कोणता मानसिक विकार होता. विकारानुसार यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही नमूद करण्याजोगे आहे. सुवर्णकमळ मिळवणारे राज्य या देशव्यापी मोजणीच्या नकाशावर कोरे राहिले.

आणि नकाशाच पाहायचा, तर राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. चारही ब्रिटिश काळातली. मराठवाड्यात यांतले एकही नाही, खानदेशात नाही. लातूर किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या शेतमजुराला शेषसारखे आवाज ऐकू येऊ लागले, तर त्याच्या घरच्यांपुढे अंतर, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी असा हिशेब आधी येतो, निदान नंतर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६पासून सुरू आहे आणि त्याने काही प्रमाणात सेवा जिल्हा रुग्णालयापर्यंत आणली, हे खरे. तरी स्किझोफ्रेनियाचा उपचार एका भेटीत संपत नाही. औषधे वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात. दर महिन्याला एक दिवसाची मजुरी सोडून, सोबत एक माणूस घेऊन तालुका ओलांडायचा, म्हणजे दोघांची मजुरी जाते. औषध फुकट मिळाले तरी ते महागच पडते.

दुसरी गोष्ट बाईपणाची. ‘देवराई’त आजारी आहे तो भाऊ, सांभाळते ती बहीण. ‘अस्तु’त आजारी आहेत ते वडील, सांभाळते ती मुलगी, आणि नंतर माहुताची बायको. ‘कासव’मध्ये आजारी आहे तो तरुण, सांभाळते ती जानकी. तिन्ही चित्रपटांत मायेचे काम बाईकडे आहे. हे आपल्या समाजाचे खरे चित्र आहे, म्हणून ते दाखवल्याबद्दल तक्रार नाही. पण हेच नाते उलटे करून पाहावे. शेषच्या जागी त्याची बहीण आजारी असती आणि लग्न होऊन सासरी गेलेली असती, तर? हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट स्वरूपाचा मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते. सासर सोडते, माहेरी भाऊ-भावजयीच्या संसारात जागा नसते, आणि बरी झालेली बाईही रुग्णालयातच राहून जाते. मानसिक आरोग्यसेवेतल्या विषमतेची ही सर्वांत जुनी गोष्ट आहे. जानकीने स्वतः नैराश्य भोगले आहे, घटस्फोटाचे दुःख भोगले आहे, एवढ्यापुरती तिची सावली ‘कासव’वर पडते. पण जानकीजवळ तिचे स्वतःचे घर आहे. जिच्याजवळ ते नसते, ती या कथांमध्ये येत नाही.

चन्नम्माची श्रीमंती

तिघांत ‘अस्तु’ मला सर्वांत मोठा वाटतो, कारण समतेचा प्रश्न त्यात आपोआप शिरला आहे. स्मृती हरवलेले शास्त्रीबुवा रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागोमाग निघून जातात. सुशिक्षित मुलगी इरा त्यांना शोधत शहरभर फिरते. दरम्यान ते असतात माहुताच्या कुटुंबात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी, पोटासाठी भटकणारी. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते. त्याला काय झाले आहे याचे नाव तिला ठाऊक नाही, आणि तिला त्याची गरजही पडत नाही.

इथे चित्रपट एक धारदार गोष्ट सांगून जातो. ज्या घरात पुस्तके आहेत, पैसा आहे, आजाराचे नाव ठाऊक आहे, त्या घराला हा माणूस ओझे वाटू लागला आहे. जिच्याजवळ काहीच नाही, तिच्याकडे मात्र त्याच्यासाठी जागा आहे. इरावती हर्षेंची इरा अपराधी वाटून घेते, आणि चित्रपट तिला त्या अपराधभावातून सहज सोडवतही नाही. ज्ञानाची आणि काळजीची मालकी वेगवेगळ्या वर्गांकडे असते, हे मराठी पडद्यावर इतक्या सहजपणे क्वचितच आले असेल.

पण इथेच एक धोकाही आहे. गरिबाच्या मायेचे कौतुक करता करता आपण तिला सेवेचा पर्याय समजू लागतो. चन्नम्मा शास्त्रीबुवांना एक दिवस सांभाळते. तीच चन्नम्मा पंचवीस वर्षांनी स्वतःचे नाव विसरली, तर? तिला शोधत फिरणारी गाडी नसेल. ज्याच्या खिशात ओळखपत्र नाही, ज्याची भाषा त्या गावाला कळत नाही, असा माणूस भटकत जातो आणि कोणत्याही नोंदीत सापडत नाही. अशाच रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून घरी पोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी आणि त्यांची कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन करते. २०१८मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाची गरज पडावी हाच आपल्या व्यवस्थेविषयीचा अभिप्राय आहे. गरीब माणूस हरवतो तेव्हा त्याचा शोध संस्थेच्या दयेवर अवलंबून असतो. पंडित हरवतो तेव्हा त्याची लेक आकाशपाताळ एक करते. ‘अस्तु’ने यातली दुसरी गोष्ट सांगितली. पहिलीची फक्त शक्यता दाखवली.

मानव आणि एक हवालदार

‘कासव’मध्ये जानकीला रस्त्यात एक आजारी, सैरभैर तरुण भेटतो. ती त्याला कोकणातल्या घरी आणते. नाव-गाव विचारत नाही, उपदेश करत नाही, उपकाराची भाषा बोलत नाही. आलोक राजवाडे यांचा मानव तिच्यावर चिडतो, घुम्यासारखा राहतो, आणि ती त्याला तसे राहू देते. कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. पिल्लांना कोणीतरी जपायचे आणि मग त्यांची त्यांना समुद्राकडे जाऊ द्यायचे. नैराश्यातल्या माणसाशी कसे वागावे, याचे यापेक्षा चांगले चित्र मराठीत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा होऊ नये आणि सरकारने तिची काळजी घ्यावी, असे नव्या कायद्याचे ११५वे कलम सांगते. जानकी जे करते ते जणू या कलमाचेच मानवी रूप.

पण मुंबईतल्या दुसऱ्या एका माणसाची गोष्ट या शेजारी ठेवू. मारुती श्रीपती दुबळ हे मुंबई पोलिसांत शिपाई होते. रस्ता अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्यांना मानसिक आजार जडला. पत्नीला भाजीची टपरी टाकण्यासाठी परवानगी मिळावी म्हणून ते महापालिकेत खेटे घालत होते. १९८५मध्ये आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांना काय मिळाले? भारतीय दंड संहितेच्या ३०९व्या कलमाखाली खटला. पुढे १९८६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे पाटील यांनी हे कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये तोच मार्ग धरला आणि १९९६मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला. म्हणजे दुबळांनी उभा केलेला प्रश्न सुटायला २०१७चा कायदा यावा लागला. आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा मानणारे कलम फौजदारी कायद्यातून गेले ते १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर.

मानव आणि दुबळ यांचा आजार वेगळा असेल, वेदना तितकीच. फरक आहे तो पुढे काय झाले याचा. एकाला समुद्रकाठचे घर मिळाले, दुसऱ्याला कोर्टाची तारीख. शिवाय दुबळांच्या वेदनेत भाजीच्या टपरीचा परवाना होता. त्यांच्या उपचारात औषधाइतकाच तो परवानाही बसत होता. मनाच्या आजाराची मुळे अनेकदा घराच्या बाहेर असतात : कर्जात, नोकरीत, जातीमुळे रोज गिळाव्या लागणाऱ्या अपमानात. ‘कासव’ने मानवच्या दुःखाला नेमके कारण न देण्याचे पथ्य पाळले, ते नैराश्याच्या आकलनासाठी बरोबरच आहे. पण त्यामुळे ज्यांच्या दुःखाला नेमके कारण असते, त्यांची गोष्ट सांगायची राहून गेली.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे सरकारी अहवाल नव्हे. कलावंताने एका घराची गोष्ट सांगितली तर त्याच्याकडून साऱ्या जिल्ह्याचा हिशेब का मागावा? आक्षेप बिनतोड वाटतो. पण या दिग्दर्शकांच्या बाबतीत तो टिकत नाही, आणि ते त्यांच्या मोठेपणामुळेच.

सुमित्रा भावे सिनेमात आल्या त्या समाजकार्याचे अध्यापन आणि संशोधन करता करता. १९८५चा त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ झोपडपट्टीतल्या बाईचा होता. पुढच्या ‘पाणी’त गावातल्या बायका पाण्यासाठी एकत्र येतात. २००९च्या ‘एक कप च्या’मध्ये तर त्यांनी हक्काचीच गोष्ट सांगितली. कोकणातल्या एका एसटी कंडक्टरला भलेमोठे वीजबिल येते. तो कोणाच्या दयेवर विसंबत नाही; माहितीचा अधिकार शिकून घेतो आणि यंत्रणेला उत्तर द्यायला लावतो. तो कंडक्टर साकारला होता किशोर कदम यांनी. तेच किशोर कदम ‘कासव’मध्ये जानकीचा चालक आणि मदतनीस यदु झाले आहेत. यदुची भूमिका जिव्हाळ्याने लिहिलेली आहे, पण विजेच्या बिलासाठी कायद्याचा आधार घेणारा सामान्य माणूस मनाच्या आजाराच्या गोष्टीत मात्र दुसऱ्याच्या घरातला भला मदतनीस होऊन राहतो. वीजबिल हा हक्काचा विषय आणि मनाचे आरोग्य हा मायेचा, अशी वाटणी एवढ्या सजग कलावंतांच्या हातूनही झाली. ती आपल्या सगळ्यांच्याच मनात इतकी खोल आहे.

या वाटणीचे परिणाम पडद्यापुरते राहत नाहीत. उपचार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच जागा येतात : प्रेमळ घर किंवा भिंतीआडचे रुग्णालय. सर्वोच्च न्यायालयाने बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाची व्यवस्था करण्यास राज्यांना सांगितले होते. जुलै २०२१मध्ये न्यायालयापुढे आले की महाराष्ट्रात अशा काही जणांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात आहे. हे कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे, असे न्यायालयाने बजावले. घर नाही आणि रुग्णालयाची गरज संपली, तर तिसरी जागा कोणती, याचे उत्तर यंत्रणेजवळ नव्हते. समाजात राहण्याचा हक्क कायद्याच्या १९व्या कलमात आहे. तो प्रत्यक्षात आणायचा तर अर्ध्या वाटेवरची निवासस्थाने, रोजगार, गावातली ओळखीची माणसे अशी मधली रचना लागते.

ही तिसरी जागा काल्पनिक नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवले, साध्या समुपदेशकांची फळी उभी केली, गरज पडेल तिथेच मनोविकारतज्ज्ञ. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी कोणत्या ना कोणत्या सेवेपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. यामागे असलेल्या गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने त्याआधी गोव्यातच दाखवून दिले होते की पदवीधर तज्ज्ञ नसलेली, पण नीट शिकवलेली माणसेही नैराश्यावर परिणामकारक मदत करू शकतात. पुण्याच्या वस्त्यांमध्ये बापू ट्रस्टचा ‘सेहेर’ हा उपक्रम, नाशिक जिल्ह्यातल्या गावांतून उभा राहिलेला ‘आत्मीयता’, हे याच वाटेवरचे. इथे माया आहेच. पण ती योगायोगाने भेटत नाही. ती शिकवलेली आहे, तिच्यावर देखरेख आहे, ती उद्याही त्याच जागी मिळणार आहे.

अर्थात २७ टक्के म्हणजे शंभरातले ७३ अजून बाहेर आहेत, हे विसरायचे नाही. असे उपक्रम प्रकल्पाचा निधी असेतोवर चालतात, ही त्यांची मर्यादा. शिवाय गावातल्या कार्यकर्त्या बहुतेक वेळा बायाच असतात. त्यांच्या मानधनाचा प्रश्न न सोडवता हे काम त्यांच्यावर टाकले, तर सीना आणि इरा यांचा बिनपगारी भार फक्त चन्नम्माच्या डोक्यावर जाईल. १० ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही मोफत सेवा आहे. तिचा उपयोग मोठा आहे, पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, त्या घरातल्या बाईने मनातले कोणत्या कोपऱ्यात जाऊन बोलायचे? सेवा असणे आणि ती सारखीच हाताशी असणे, या दोन गोष्टी आहेत.

राहिलेली गोष्ट

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या. मनाच्या आजारांविषयी त्यांनी सुनील सुकथनकरांसह जे काम केले, त्याचे मोल या चिकित्सेने कमी होत नाही. त्यांनी मराठी प्रेक्षकाला आजारी माणसाच्या जवळ बसायला शिकवले. ते शिकलेल्या प्रेक्षकालाच पुढचा प्रश्न विचारता येतो.

तो पुढचा चित्रपट अजून व्हायचा आहे. त्यातली रुग्ण कदाचित जालन्याकडची ऊसतोड कामगार असेल. तिला भाऊ नसेल, असला तरी त्याच्या घरात जागा नसेल. तिची गोष्ट एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर घडेल, जिथे महिन्याच्या ठरलेल्या दिवशी डॉक्टर आले आहेत की नाहीत हाच कथेतला ताण असेल. गोळ्या संपल्या आहेत असे सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला ती विचारेल, मग लिहून द्या. ‘एक कप च्या’मधल्या कंडक्टरला ती ओळखीची वाटेल.

तो चित्रपट येईपर्यंत ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ पुन्हा पाहावेत. पाहताना एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक प्रसंगात कोणाकडे घर आहे, कोणाकडे वेळ आहे, कोण पैसे देते आहे आणि कोण रात्रभर जागे आहे, याची मनातल्या मनात नोंद ठेवावी. मानसिक आरोग्यातल्या समतेचा अभ्यास तिथून सुरू करता येतो.